डभईची लढाई आणि तो व्हायरल मेसेज

एक एप्रिल जवळ आला की डभईचा मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो. १ एप्रिल १७३१ रोजी पहिल्या बाजीराव पेशव्यांनी मराठ्यांचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांना गुजरातेत डभईजवळ एकटं गाठून कपटाने मारलं. का, तर ब्राह्मण पेशव्याला मराठा सेनापती डोईजड झाला होता. शाहू महाराजांना याचा पत्ताही नव्हता. दाभाडे निजामाला मिळाले होते ही पेशव्यांनी मागाहून रचलेली थाप. त्या दिवशी दाभाड्यांचं घराणं संपलं आणि गुजरात पेशव्यांनी गिळला. आणि शेवटी ठरलेली ओळ: हे सगळं इतिहासकारांनी तुमच्यापासून दडवलं.

याला उत्तर म्हणून दुसऱ्या गोटातून येणारा मेसेज बराच आखूड असतो. दाभाडे फितूर होते, बाजीरावांनी त्यांना धडा शिकवला, विषय संपला. तोही तितकाच कच्चा आहे. त्याचाही समाचार ओघात घेऊ.

मुद्द्यांकडे वळण्याआधी भांडण कशाचं होतं ते नीट पाहायला हवं, कारण दोन्ही मेसेजमध्ये नेमकं तेच गायब आहे.

गुजरात हा शाहूंच्या दरबारात दाभाड्यांचा मुलूख मानला जाई. त्रिंबकरावांचे वडील खंडेराव दाभाडे कितीतरी वर्षं बागलाण आणि गुजरातेत घोडी नाचवत होते. १७१७ मध्ये शाहूंनी त्यांना सेनापती केलं. त्यांच्या हाताखालून पुढे आलेले पिलाजी गायकवाड सोनगडला पाय रोवून बसले. कंठाजी कदम बांडे हे आणखी एक सरदार त्याच मुलखात वसुली करत. या दोघांचं आपसातही पटत नसे. शेवटी मही नदी मधे धरून चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, वाटून घ्यावी लागली, पूर्वेकडची पिलाजींना, पश्चिमेकडची कंठाजींना. म्हणजे डभईच्या आधीच या चौथाईवरून घरातल्या घरात तलवारी निघाल्या होत्या, आणि तेव्हा पेशवे तिथे नव्हते.

१७२९ मध्ये खंडेराव वारले. १७३० च्या सुरुवातीला सेनापतिपदाची वस्त्रं त्रिंबकरावांना मिळाली. आणि नेमक्या त्याच सुमारास बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा फौज घेऊन गुजरातेत शिरले, पेटलाद आणि धोळका लुटलं, आणि मोगल सुभेदार सरबुलंदखानाकडून गुजरातची चौथाई आणि सरदेशमुखी (महसुलाचा आणखी दहावा हिस्सा) पेशव्यांमार्फत शाहूंना लिहून घेतली. सुरत तेवढी वगळली. बदल्यात पेशव्यांनी अडीच हजार घोडा ठेवायचा आणि बाकीच्या मराठ्यांना दंगा करू द्यायचा नाही, असं ठरलं.

हे ‘बाकीचे मराठे’ म्हणजे कोण? पिलाजी आणि कंठाजी. म्हणजे दाभाड्यांची माणसं. नव्या सेनापतीच्या अंगावरची वस्त्रं अजून नवी होती, आणि त्याच्या मुलखाचा वसुलीचा कागद दुसऱ्याच्या नावाने तयार झाला होता.

दिल्लीला सरबुलंदखानाचा तह पसंत पडला नाही. त्याच्या जागी जोधपूरचे महाराजा अभयसिंह सुभेदार म्हणून आले. फेब्रुवारी १७३१ मध्ये बाजीराव जातीने अहमदाबादेला गेले आणि अभयसिंहांशी नवा करार केला. चौथाईपोटी १३ लाख रुपये, त्यातले ६ लाख लगेच; आणि पेशव्यांनी पिलाजी-कंठाजींना गुजरातेतून हुसकून लावायचं. त्यानुसार बाजीरावांनी मोगलांच्या तुकडीसह बडोद्याला वेढा घातला. बडोदं तेव्हा पिलाजींच्या ताब्यात होतं.

वेढ्यातल्या बडोद्यात मराठे आणि वेढा घालणारेही मराठे, सोबतीला मोगल सुभेदाराची फौज! डभई यानंतर काही आठवड्यांत झाली. एवढं हाताशी ठेवून आता एकेक दावा घेऊ.

‘ब्राह्मण पेशव्याने मराठा सेनापतीचा काटा काढला’

या दाव्यासाठी दोन्ही बाजूला कोण उभं होतं ते बघावं लागतं, आणि बघितलं की दावा उभा राहत नाही.

दाभाड्यांच्या बाजूने लढताना जे पकडले गेले त्यांत चिमणाजी दामोदर मोघे होते. हे ब्राह्मण, आणि पेशव्यांचे जुने विरोधक. सातारच्या दरबारात बाजीरावांच्या पायात सतत पाय घालणारे श्रीपतराव प्रतिनिधी तेही ब्राह्मणच. पेशव्यांना सगळ्यात जास्त त्रास ज्यांनी दिला त्या यादीत पहिली दोन-चार नावं अशीच निघतात. उलट डभईला बाजीरावांच्या बाजूने जे लढले ती त्यांची जुनी पागा आणि मराठे मानकरी. तलवार चालवणारे हात दोन्हीकडे बहुतांशी मराठेच होते.

पवारांचं उदाहरण तर बोलकं आहे. उदाजी पवार १७२८ मध्ये माळव्यात चिमाजीअप्पांच्या खांद्याला खांदा लावून लढले. पुढे माळव्याच्या कारभारात शिंदे आणि होळकर यांना झुकतं माप मिळू लागलं तसे ते बिनसले. डभईला ते दाभाड्यांकडून लढले आणि कैद झाले. त्यांची जात १७२८ आणि १७३१ मध्ये एकच होती. बदलला तो वाटा. आणि ज्यांच्यामुळे ते दुखावले ते राणोजी शिंदे मराठा, मल्हारराव होळकर धनगर. बाजीरावांनी जवळ केलेली ही माणसं.

आणखी एक गोष्ट या मेसेजवाल्यांना बहुधा ठाऊक नसते. श्रावणात ब्राह्मणांना जेवू घालून दक्षिणा वाटायची मोठी प्रथा तळेगावला दाभाड्यांचीच होती. त्रिंबकरावांच्या मृत्यूनंतर बाजीरावांनी ती पुण्यात चालू केली. लोकांची नाराजी निवळावी हा त्यामागचा हेतू, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफही सांगतो. पुढे पेशवाईत पर्वतीच्या रमण्यात जे दक्षिणेचं भलंमोठं प्रकरण उभं राहिलं त्याचं मूळ तळेगावात आहे. (त्याच दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं.) दाभाड्यांची दक्षिणा घेणारे हजारो ब्राह्मण ज्या घराच्या दारात दरवर्षी पंगतीला बसत, ते घर ब्राह्मणांविरुद्ध उभं ठाकलं होतं असं म्हणायला फार धाडस लागतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. आपण राजाचा अधिकार राखायला दक्षिणेत चाललो आहोत, असं त्रिंबकरावांनी जाहीर केलं होतं. पेशवा महाराजांना डोईजड झालाय, ही तक्रार त्यांची खरीच होती, आणि दरबारात ती करणारे ते एकटे नव्हते. पण ही तक्रार एका हुद्द्याची दुसऱ्या हुद्द्याविरुद्ध होती. सेनापती हा पेशव्याचा नोकर नाही. दोघेही छत्रपतींचे प्रधान. मग सेनापतीच्या मुलखात पेशव्याने तह कोणत्या अधिकाराने केला? हा प्रश्न त्रिंबकरावांचा होता आणि तो रास्त होता. जातीचं लेबल लावून आपण त्याच प्रश्नाचं वजन घालवतो.

‘एकटं गाठून कपटाने मारलं’

हा सगळ्यात सोपा खोडता येणारा दावा.

मार्च १७३१ मध्ये त्रिंबकरावांनी मोठी फौज जमवली होती. गायकवाड, कदम बांडे, पवार सगळे आपापल्या पथकांसह सोबत. संख्येने बाजीरावांची फौज निम्मीही नव्हती. पहिला तडाखा खाल्ला तोही पेशव्यांनीच: त्यांची आघाडीची तुकडी आवजी कवडे यांच्या हाताखाली नर्मदा ओलांडत होती, तिला पिलाजींचे चिरंजीव दमाजी गायकवाड यांनी गाठून पार उधळून लावलं. कपटाने एकट्याला गाठायला निघालेल्या माणसाची आघाडी अशी वाटेत मारली जात नाही.

१ एप्रिलला डभईजवळ भिलापूरपाशी दोन्ही फौजा भिडल्या. एरवी बाजीरावांची रीत हुलकावण्या देऊन दमवायची. या दिवशी ते थेट अंगावर गेले. दाभाड्यांच्या फौजेत नवी भरती बरीच होती, ती पहिल्याच धडकेत फुटली. कंठाजी कदम बांडे आपल्या माणसांसह मैदान सोडून गेले. मुरलेले लोक तेवढे सेनापतीभोवती राहिले.

त्रिंबकराव हत्तीवर होते. आपले लोक पळताहेत हे पाहून त्यांनी हत्तीच्या पायात साखळदंड घालायला लावले, म्हणजे माघार घ्यायची वेळ आली तरी जनावर जागचं हलू नये. तिथून ते धनुष्य घेऊन लढत राहिले. बाजीराव घोड्यावरून चाल करून येत होते. बाण ओढता ओढता त्रिंबकरावांना बंदुकीची गोळी लागली आणि ते पडले. एक परंपरा सांगते की ही गोळी त्यांच्याच मामाने, भाऊसिंग ठोके यांनी घातली. दुसरी सांगते की कुठल्या तरी शिपायाची भिरभिरत आलेली गोळी होती. घरभेद्याची गोष्ट लोकांना नेहमी जास्त आवडते, म्हणून पहिली जास्त सांगितली जाते. पण तीवर कपटाचा आरोप उभा करण्याएवढा भक्कम आधार नाही.

त्या दिवशी त्रिंबकरावांबरोबर जावजी दाभाडे, मालोजी पवार आणि पिलाजींचे थोरले चिरंजीव सयाजी पडले. स्वतः पिलाजी आणि आनंदराव पवार जखमी झाले. ही उघड्या मैदानात झालेली, दोन्ही बाजूंनी निकराने लढलेली लढाई होती. तिला खून म्हणणं बाजीरावांवर अन्याय आहेच, पण त्याहून जास्त तो त्रिंबकरावांवर आहे. ज्याने स्वतःच्या हत्तीला जखडून घेतलं, त्याला आपण सापळ्यात सापडलेला बिचारा ठरवतो.

‘शाहू महाराजांना पत्ताही नव्हता’

या दाव्यात थोडं तथ्य आहे, बाकी रंगवलेलं आहे.

सेनापती आणि पेशवे यांचं गुजरातवरून वाजलंय हे साताऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. शाहूंनी समजुतीचे प्रयत्न केले, दोघांना आवरायचं बघितलं. त्यांनी लढाईचा हुकूम दिला नव्हता हे खरं, आणि आपल्याच सेनापतीचा जीव जावा असं त्यांना कदापि वाटलं नसेल. पण माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. शाहूंचा स्वभाव असा की दोघा भांडणाऱ्यांना एकेकटं भेटलं की दोघांनाही आपलं पटलंय असं वाटायचं. माझ्या मते डभईच्या रक्तात साताऱ्याच्या या मुळमुळीतपणाचाही वाटा आहे. गुजरात दाभाड्यांचा, हे एकदा ठणकावून सांगितलं असतं किंवा अर्धा पेशव्यांना, हे एकदा लिहून दिलं असतं, तर भिलापूरपर्यंत गोष्ट गेली नसती. त्यांनी लिहून दिलं ते लढाईनंतर.

तळेगावला जाऊन शाहूंनी त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंच्या हातात तलवार दिली आणि समोर बाजीरावांना उभं करून सूड घ्यायला सांगितला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. तिच्यातली तलवार खरी धरा किंवा खोटी. उमाबाईंची समजूत घालायला शाहूंनी मनापासून खटपट केली, एवढं निश्चित.

‘निजामाशी संगनमत ही थाप’

थाप नाही. पण पुढे ऐका, कारण इथे दोन्ही मेसेज एकाच वेळी आपटतात.

१७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामुल्मुल्काला असं कोंडलं होतं की मुंगी-शेवगावचा तह करून त्याला सुटका करून घ्यावी लागली. ते शल्य त्याच्या मनात होतंच. पेशव्यांवर चिडलेला सेनापती त्याला आयताच मिळाला. मार्च १७३१ मध्ये निजाम नर्मदेवर माळव्याचा सुभेदार महंमदखान बंगश याला भेटला. त्रिंबकरावांशी त्याचं सूत जुळलं होतं. निजामाची फौज दाभाड्यांना येऊन मिळाली तर आपण दोन जात्यांमध्ये भरडले जाऊ हे ओळखूनच बाजीरावांनी बडोद्याचा वेढा उठवला आणि निजाम पोहोचायच्या आत दाभाड्यांवर चालून गेले. संगनमताचा पुरावा हवा असेल तर बाजीरावांच्या या घाईतच तो आहे. हातातोंडाशी आलेलं बडोदं उगाच कोणी सोडत नाही.

मग दाभाडे फितूर? तर मग अहमदाबादेत अभयसिंहांशी करार करून, मोगल तुकडी बरोबर घेऊन पिलाजींवर चालून जाणारे बाजीराव कोण? परक्याची मदत घेऊन आपल्याच माणसाला काढायचा बेत दोघांनीही केला होता. एकाला निजाम जवळचा, दुसऱ्याला दिल्लीचा सुभेदार. आणि ज्या निजामामुळे दाभाड्यांना फितूर म्हणायचं, त्याच निजामाला बाजीराव स्वतः डिसेंबर १७३२ मध्ये रोहे-रामेश्वरला भेटले, पाहुणचार झाला, दोघांत समजुतीही झाल्या. अठराव्या शतकातलं राजकारण असंच चाले. कोल्हापूरकर संभाजी छत्रपतींनीही पूर्वी निजामाचा हात धरला होता. त्यांच्याशी शाहूंचा वारणेचा तह डभईनंतर जेमतेम दोन आठवड्यांत, १३ एप्रिल १७३१ ला झाला. त्यांना कोणी त्या तहात फितूर म्हटलं नाही, राज्य वाटून दिलं.

‘दाभाड्यांचं घराणं त्या दिवशी संपलं, गुजरात पेशव्यांनी गिळला’

लढाई जिंकूनही बाजीरावांना गुजरात मिळाला नाही. हे वाक्य दोन्ही गोटांनी लिहून ठेवावं.

शाहूंनी त्रिंबकरावांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांना लगेच सेनापती केलं. ते लहान म्हणून पिलाजी गायकवाडांना सेनाखासखेल हा किताब देऊन मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारा, नेमलं. गुजरात सेनापतीकडेच राहिला. तिथल्या वसुलीचा अर्धा हिस्सा पेशव्यांमार्फत सरकारात भरायचा आणि एकमेकांच्या हद्दीत कोणी शिरायचं नाही, असं ठरलं. ज्या पक्षाचा सेनापती पडला, त्याच पक्षाला मुलूख परत.

पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १७३२ ला, डाकोरला अभयसिंहांच्या माणसांनी बोलणी करता करता पिलाजींना भोसकून मारलं. (कपटाने मारलेला मराठा सरदार शोधणाऱ्यांनी डभईत वेळ घालवू नये, डाकोरला जावं.) त्याचा सूड घ्यायला फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या त्या उमाबाई दाभाडे. जाऊन पैसे वसूल करूनच परतल्या. संपलेल्या घराण्याची विधवा हे करत नाही. १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदं घेतलं ते कायमचं.

दाभाड्यांचा उतार खरा, पण तो सावकाश झाला, आणि त्याची कारणं घरातही होती. यशवंतराव व्यसनात बुडाले, कारभार मुतालिकाच्या हातात गेला, आणि मुतालिक म्हणजे गायकवाड. मालकाचं नाव सेनापती, किल्ल्या गायकवाडांच्या कमरेला.

पेशव्यांनी अर्धा गुजरात घेतला तो वीस वर्षांनी, आणि बाजीरावांनी नव्हे, त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांनी. शाहू १७४९ मध्ये वारले. ताराबाई आणि उमाबाई एक झाल्या, दमाजी फौज घेऊन साताऱ्यापर्यंत आले, नानासाहेबांशी बोलणी सुरू झाली. १७५१ मध्ये बोलणी चालू असतानाच दमाजींच्या तळावर छापा पडला आणि दमाजी कैद झाले. दाभाड्यांनाही धरलं गेलं. दमाजींना सुटण्यासाठी १५ लाख रुपये आणि अर्धा गुजरात कबूल करावा लागला. वचन देऊन मोडल्याचा हा राग असा की दमाजी पुढे पेशव्यांना डाव्या हाताने मुजरा करत, असं सांगतात. पेशव्यांवर कपटाचा ठपका ठेवायचाच असेल तर त्याची जागा ही, १७५१ ची. डभईची बदनामी करून हे प्रकरण मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

‘इतिहासकारांनी दडवलं’

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. वर दिलेलं हत्तीच्या साखळदंडापासून दक्षिणेपर्यंत बरंच काही त्यात आहे, आणि त्यात त्रिंबकरावांच्या शौर्याबद्दल आदरच आहे. १९३०च्या दशकात इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यातला एक सबंध खंड दाभाडे आणि गुजरात या एकाच विषयावर आहे. मोडीतून देवनागरीत आलेली, दोन्ही बाजूंची पत्रं. खंड सरकारने छापले आहेत आणि आता ते नेटवरही सापडतात. मेसेज पुढे ढकलायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त लागेल, एवढंच.